एकास सहा हजार चारशे

१९८३ साली नागपूरच्या इतवारीतल्या कोष्टी आळीत गोपिकाबाईंच्या मटणाच्या रश्श्याला न घाबरणारा माणूस नव्हता, आणि नको म्हणणाराही नव्हता. पंगत वाढली की त्या पातेल्यात बादलीभर कढत पाणी ओतत. जेवणाऱ्यांची नाकं तरीही वाहत. अशा बाईने आठवडाभर चूल पेटवली नाही. स्वतःचं ताट वेगळं केलं, कोणाला जवळ येऊ देईना.

कारण एक कागद. गळा सुजला, थकवा येऊ लागला, म्हणून रक्त तपासायला मुंबईला गेलं. उत्तर टपालाने आलं: थायरॉइडच्या अँटिबॉडीज, एकास सहा हजार चारशे. बाईंनी अर्थ लावला, एका थेंबात सहा हजार चारशे जंतू. आकडा वाचता आला की समजला, असं भल्या शिकलेल्यांनाही वाटतं. त्यांना एकटीला हसू नये. रविवारी मुलीच्या होणाऱ्या सासरचे रामटेकहून पहिल्यांदा जेवायला येणार होते.

"मले शिवू नको वं," त्या मुलीला, पुष्पलताला म्हणाल्या. "माह्या हातचं खाऊन ते आजारी पडले तं सोयरीक मोडन. आचारी बोलाव."

"आचारी बोलावला तं मीच मोडतो," म्हणत पुष्पलताने त्यांना रिक्षात घातलं आणि सीताबर्डीला डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

जंतूंचा हिशोब ऐकून डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना.

"काहून हसून राहिल्या जी?"

"अहो, हे जंतू नाहीत. तुमच्याच शरीराचे शिपाई आहेत, चोर सोडून घरच्या ग्रंथीलाच बडवतायत. कोणाला लागत नाही हे."

"मंग सहा हजार?"

"तुमचं रक्त तितक्या पटीने पातळ केलं, तरी त्यांची खूण दिसली."

गोपिकाबाई सावरून बसल्या. "इतकं पाणी घालून बी जोर गेला नाही?"

"नाही. पण आकडा मोठा म्हणजे आजार मोठा, असं नसतं. ग्रंथीचं काम दुसऱ्या तपासणीत कळतं, तीही याच कागदावर आहे. तुमची जराशी मंदावलीय. सकाळी उपाशीपोटी एक गोळी, आणि मधूनमधून रक्त तपासायचं."

"अन् सैपाक?"

"खुशाल करा."

मग काय, बाई दवाखान्यातून थेट मसाल्याच्या दुकानात. काळी मिरी निवडता निवडता दुकानदारालाच त्यांनी आपला आकडा दोनदा ऐकवला.

रविवारी रामटेकच्या विहीणबाईंनी पदराने डोळे पुसत तिसऱ्यांदा वाटी पुढे केली.

"पोरीले येते का हे?"

"नाही येत," गोपिकाबाई म्हणाल्या.

"मंग पोरीसंगं तुमीच या राहाले."