गंगू आणि रजेचे अठ्ठावीस दिवस

१९४४ साली मी बर्मा फ्रंटवर क्वार्टरमास्टर स्टोअरचा हवालदार होतो. ब्लँकेट, बूट, मेस टिन, ग्राउंडशीट. प्रत्येक नगाची यादी माझ्याकडे असे, आणि सकाळी सहाला ती ताडून पाहिल्याशिवाय मी चहा घेत नसे. त्या वर्षी अठ्ठावीस दिवसांची रजा मंजूर झाली. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी मी तीन वर्षांनी जात होतो.

मुलगी गंगू पाच वर्षांची झाली होती. पत्रांत तिच्याबद्दल 'खुशाल' एवढंच असे. पत्रं गावचे मास्तर लिहून देत. त्यांच्यापुढे खरं सांगायचा धीर माझ्या बायकोला, अनसूयेला, झाला नव्हता. घरी पोचल्यावर कळलं. गंगू बोलत नव्हती. नजर देत नव्हती. हात लावला की किंचाळायची. जात्याची घरघर सुरू झाली की भिंतीवर डोकं आपटायची, म्हणून अनसूया दळण घेऊन शेजारी जाई. गंगूच्या मनगटांवर तिनेच चावून घेतल्याचे वण होते. थोरल्या भावाने ठरवूनच टाकलं होतं: माझी रजा संपली की पोरीला मिरजेकडच्या एका मठात नेऊन ठेवायचं.

"तुझं काय म्हणणं?" मी अनसूयेला विचारलं.

"आवं, माजं म्हणणंच सपलंय. रडूबी येत न्हाई आता."

मी यादी केली. उठणे सहा. तोंड धुणे सव्वासहा. पी.टी. साडेसहा. स्वतःचं नाव उच्चारणे सात. रंगरूट सहा आठवड्यांत सरळ होतो, तर ही का होणार नाही, असा माझा विचार. तीन दिवस शिट्टी वाजवली. चौथ्या दिवशी गंगूने उंबऱ्यावर कपाळ फोडून घेतलं. अनसूयेने माझ्या हातातली शिट्टी हिसकावून उकिरड्यावर भिरकावली.

"ही तुमची पलटन न्हाई!"

बरोबर होतं. मी यादी फाडली. दुसरी सुचली नाही.

अकराव्या दिवशी नाईक बिरू आला. जतचा धनगर, माझ्याच स्टोअरमधला. त्याची रजा संपली होती. पुण्याकडे जाताना तो एक दिवस आमच्याकडे उतरला. गंगू अंगणात बैलगाडीखाली बसली होती. बिरूने तिला एकदा पाहिलं, चार हातांवर तिच्याकडे पाठ करून बसला आणि फडक्यातली भाकरी सोडली.

"बिरू, काय चाललंय रं?"

"हवालदारसाब, गप बसा. बुजलेल्या कोकराकडं बगायचं नसतंय. पाठ करून बसायचं. त्येचं त्ये येतंय."

"आन् न्हाई आलं तर?"

"तर भाकरी तर हुतीया की खाऊन!"

अनसूया हसली. रजेत पहिल्यांदाच.

दहाला बसलेला बिरू पावणेबारापर्यंत हलला नाही. मग गंगू गाडीखालून निघाली आणि त्याच्या पाठीला पाठ टेकून बसली. अनसूया चौकट धरून उभी होती. तिने पदर तोंडात धरला. आता तिला रडू आलं.

बिरू गेल्यावर मी रोज दहा ते बारा तसाच पाठ करून बसू लागलो. सहाव्या दिवशी पाठीला ऊब लागली. मी वळलो नाही. मी बसे तेवढा वेळ अनसूया झोपून घेई. किती वर्षांची झोप होती, कोण जाणे.

सत्ताविसाव्या दिवशी भावाने मठाचा विषय काढला. "शब्द दिलाय मी त्यांना."

थोरल्या दिरापुढे कधी उभी न राहिलेली अनसूया बाहेर आली. "भावजी, शब्द तुमी दिला. लेक माजी हाय."

भावाने वहाणा पायांत सरकवल्या आणि तो शेताकडे निघून गेला. गंगू घरी राहिली.

फ्रंटवर परतलो. पुढे एके दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी, पुढच्या पोस्टवर रेशन पोचवताना, बिरूला तोफेच्या शेलचा तुकडा लागला. तो तिथेच गेला. त्याच्या सामानाची यादी मी दुसऱ्या कुणाला करू दिली नाही. सतरा नग.

लढाई संपली, डिस्चार्ज मिळाला. आम्ही तिघं जतला गेलो. बिरूची आई काटेरी कुंपणाच्या वाड्यात मेंढरं कोंडत होती.

"हवालदार," ती म्हणाली, "माज्या लेकराचं काय ऱ्हायलंय का तुमच्याकडं?"

"सामान सगळं पाठवलंय, आई. यादीबरहुकूम."

गंगू केव्हाच मेंढरांत शिरली होती. एका मेंढीच्या पाठीवर हात ठेवून शांत उभी होती. बोलत ती तेव्हाही नव्हती.

"ही ऱ्हायलीया," मी म्हणालो. बैलगाडीखालची सगळी हकिगत सांगितली.

म्हातारीने ऐकून घेतलं. मेंढरांतल्या पोरीकडे बराच वेळ पाहिलं.

"तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली.