नाखव्यांचा धवला

खोपटला एसटी डेपोच्या मागे उत्तम नाखव्यांचं प्रकाशन. प्रकाशन म्हणजे एक गाळा, आणि गाळ्यात पुस्तकांपेक्षा पक्षाच्या साहेबांचे फोटो जास्त. खाडीचा, बंदराचा, किल्ल्याचा इतिहास या माणसाला तोंडपाठ. पण उमेदीची सगळी वर्षं छापलं काय, तर साहेबांचं चरित्र, साहेबांची भाषणं आणि साहेबांच्या वाढदिवसाचे गौरवग्रंथ. भाषणंही यांनीच लिहिलेली. पहिल्याच भेटीत साहेब खांद्यावर हात ठेवून म्हणाले होते, "उत्तमराव, इतिहास लिहायला म्हातारपण आहे. आधी घडवू या." झालं, गडी कायमचा विरघळला.

स्वतःचं एकच पुस्तक त्यांना लिहायचं होतं, आपल्या कोळीवाड्याचं. त्याचं पहिलं प्रकरण होतं सगुणामावशीच्या गळ्यात. सगुणामावशी धवलारीण, लग्नाच्या मांडवात बसून देवांना आणि पूर्वजांना गाण्यातून बोलावणारी बाई. नाखव्यांच्या घरच्या लग्नात ती एक धवला गायची. कुळाचा पहिला माणूस होडी घेऊन कुठून निघाला, कुठल्या गावी उतरला, त्याच्यामागे कोण कोण झालं, सगळं त्यात यायचं. कागदावर यातलं काहीच नाही. आणि बाईचे नेम कडक. मांडव नसेल तर गायचं नाही, आणि मध्येच तुटला तर तो धवला त्या लग्नात पुन्हा धरायचा नाही.

मग लग्नात ऐकायचा की, असं तुम्ही म्हणाल. पण ऐकतील कधी? लग्नसराईत साहेब एका संध्याकाळी डोंबिवलीपासून वर्तकनगरपर्यंत मांडव पालथे घालायचे, आणि उत्तमराव त्यांच्याआधी पोचून बँड, गाणी, भटजी सगळ्यांना गप्प करायचे. यात ते इतके तरबेज झाले, की त्यांचा नुसता सफारी दिसला तरी मांडव शांत व्हायचा. स्वतःच्या लेकीच्या, समिधाच्या लग्नातही तेच. मावशीने धवल्यात होडी नुकतीच पाण्यात लोटली होती, बाहेर गाड्या लागल्या, आणि बापानेच हात वर केला. साहेब छान बोलले. बायको शेवंती नंतर एवढंच म्हणाली, "आज तरी तिला गाऊ द्यायचं होतं."

साहेब जाऊन आता काही वर्षं झाली. उत्तमरावांना त्यांची आठवण येते, खोटं कशाला बोला. संध्याकाळी फोन वाजला नाही की करमत नाही. पण त्याहून जास्त जीव लागून राहिला तो त्या धवल्यात.

या वैशाखात पुतण्याच्या मुलीचं, मेघालीचं लग्न ठरलं. घरातलं हे शेवटचं लग्न, आणि मावशी नव्वदीला टेकलेली. उत्तमरावांनी नवा रेकॉर्डर आणला आणि शेवंतीचा आवाज पुन्हा पुन्हा टिपून पाहिला. "लहान पोरासारखं करताय," ती म्हणाली, पण सफारीला इस्त्री तिनेच केली.

कोळीवाड्यात घरासमोर मांडव पडला होता. दारात माईकवाला दिसला आणि सवयीने उत्तमराव त्याच्याशी बोलायला थांबले. तेवढ्यात आत धवला सुरू झाला. ते घाईघाईने आत शिरले. होडी पाण्यात लोटली होती, भरती लागली होती, आता गावाचं नाव येणार. त्यांनी रेकॉर्डर चालू केला. मावशीने अंधुक डोळ्यांनी वर बघितलं, त्यांना ओळखलं आणि हात वर करून बायांना थांबवलं.

"गप र्‍हावा गो. उत्तम आयला, साहेब येतान."

मांडव शांत झाला. उत्तमराव तिच्यापाशी खाली बसले.

"मावशे, साहेब नाय र्‍हायले आता. मी एकटाच आयलो. तुझा धवला ऐकायला."

मावशीने त्यांच्या मागे, मांडवाच्या दाराकडे जरा वेळ बघितलं.

"तू कवा एकटा आयलास?" ती म्हणाली, आणि बायांना दुसरा धवला धरायला सांगितला.