कोपरावरचा व्रण

कळंबला कबड्डीच्या सामन्यात माझं कोपर फुटलं, त्याचा व्रण राहिला. मला पाहायला आलेल्या बाईची नजर नेमकी त्यावरच गेली. आईनं मला बोलूच दिलं नाही. "कापूस वेचताना पऱ्हाटी लागली तिले."

"कामाची हाय पोरगी," बाई खूश झाली. खरं कळलं असतं तर चहाही न पिता उठली असती मेली! तिचीच सून झाले. मैदान तिथंच सुटलं.

परवा माझी लेक शाळेत कबड्डी खेळून कोपर सोलून घरी आली. सासूनं विचारलं, "काय झालं वं?"

मी तोंड उघडायच्या आत लेक म्हणाली, "वावरात गेलती. पऱ्हाटी लागली."

हे तिला कोणीच शिकवलं नव्हतं.