पारूअक्कांचा डोंगर

देवघरातलं निर्माल्य उद्या सोडू, परवा सोडू म्हणता म्हणता परडीभर साठतं. आमच्या व्यायामवर्गाच्या किश्श्यांचंही तसंच झालं. फरक एवढाच, की हे काही नदीत सोडवत नाहीत.

त्र्याण्णव-चौऱ्याण्णव साल असावं. आमच्या वाईच्या महिला मंडळानं बायकांसाठी व्यायामवर्ग काढायचा ठरवला. साताऱ्याला ट्रेनिंगला जायला बाकी कुणाला सवड नव्हती, म्हणून मी गेले. परत आले ती 'मॅडम' होऊन! जागा मिळाली घाटावरच्या एका महादेवाच्या सभामंडपात.

पहिलं नाव दिलं पारूअक्कांनी. अक्का नदीपलीकडच्या, ऊसवाल्या घरातल्या. मुलगा फौजेत भरती व्हावा म्हणून त्यांनी डोंगरावरच्या देवीला नवस केला होता, की पायी चढून तुझी ओटी भरीन. मुलगा भरती झाला आणि इकडे अक्कांचे गुडघे धरले.

"आवं वैनी, पोरगं हवालदार झालं, आता पेन्शनीत यील. मी अजून पायथ्यालाच हाय! देवी काय म्हणत आसंल?"

डोली नवसात बसत नव्हती. डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं होतं. मी म्हटलं, "अक्का, देवी वाट बघेल. आपण सुरुवात तर करू."

*

सुरुवातीलाच अडचण आली. मी बायकांसमोर उभी राहिले, तर माझी पाठ पिंडीकडे झाली. बायका कुजबुजू लागल्या. मलाही ते बरं वाटेना. त्यांना फिरवून उभं केलं, तर पाठ त्यांची झाली.

शेवटी सगळ्यांनीच देवाकडे तोंड करायचं ठरलं. मी पुढे, वर्ग मागे. मी मोठ्यानं आकडे म्हणत हात वर-खाली करायचे. मागून बांगड्यांचा आवाज यायचा. वाटायचं, बायकांना काय गोडी लागली आहे!

एके दिवशी पदर सावरायला सहज मागे वळले. निम्म्या बायका खाली बसून मेथी निवडत होत्या. अक्का तेवढ्या उभ्या होत्या, खांबाला धरून.

मेथी निवडणाऱ्यांतल्या सिंधूताई म्हणाल्या, "थांबू नका हो, तुमचं चालू द्या!"

*

दर पंधरवड्याला डॉक्टरांकडे अक्कांचं वजन व्हायचं. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी, अक्कांचे सगळे उपास कडक. आणि वजन वाढलेलं!

"उपासाला काय खाता?" डॉक्टरांनी विचारलं.

"काय न्हाई."

"काहीच नाही?"

"काय न्हाई म्हंजी, साबुदाण्याची खिचडी, वरीचा भात, शेंगदाण्याची आमटी, रताळ्याचा कीस आन् वर दोन केळी."

डॉक्टरांनी चष्मा काढून ठेवला. "अक्का, जरा उपास सोडून रोज साधं जेवत जा."

बाहेर आल्यावर अक्का मला हळूच म्हणाल्या, "डाक्टर धर्माचा न्हाई. पर मानूस चांगला हाय."

मग मी सुचवलं, उपास ताकावर करू. ते जास्त कडक, म्हणून अक्कांना पटलं. वजन उतरायला लागलं.

*

पुढे वर्ग ओस पडू लागला. कुणाकडे पाहुणे, कुणाचं वाळवण. मी विचार केला, आपल्या बायका व्यायाम चुकवतील, व्रत चुकवणार नाहीत. सोळा सोमवार असतात तसे व्यायामाचे सोळा आठवडे जाहीर केले. नारळ ठेवून संकल्प सोडला.

खरं सांगते, एक खाडा नाही! घरी पाहुणे आले तर पाहुणीलाही घेऊन यायच्या.

सोळावा आठवडा झाला. बायकांनी हौसेनं उद्यापन केलं. पुरणपोळी, कटाची आमटी, मेहूण जेवायला. दुसऱ्या दिवशी सभामंडपात मी आणि अक्का, दोघीच.

सिंधूताईंकडे गेले. त्या म्हणाल्या, "अहो, उद्यापन झालं ना? तेच व्रत लगेच परत धरलं, तर महादेवाला वाटेल पहिलं पोचलंच नाही."

बरं, आषाढ जवळ आला होता. मी चातुर्मासाचा नेम धरायला लावला. कार्तिकापर्यंत काळजी नव्हती.

*

दिवाळीनंतर सांगलीला महिला मंडळांच्या चालण्याच्या स्पर्धा होत्या. अक्कांची रंगीत तालीम होईल म्हणून त्यांचंही नाव दिलं. आणि नऊवारीचा काष्टा मारून अक्का चक्क पुढे! सगळं मंडळ ओरडत होतं. तेवढ्यात रस्त्याकडेला म्हसोबा आला. अक्का थांबल्या, चपला काढल्या आणि प्रदक्षिणा घालू लागल्या. शेजारून बायका भराभरा पुढे गेल्या.

अक्का शेवटच्या आल्या. पंचांनी समजूत घातली, "आजी, पूर्ण केलंत हेच खूप."

अक्का म्हणाल्या, "म्हसोबाला अकरा फेऱ्या मारल्या, त्या धरल्या का? धरा की! समद्यांत जास्ती मीच चाललीय!"

*

माघात आम्ही डोंगराला गेलो. सगळा वर्ग, ओटीचं सामान आणि अक्का. पहाटे पायऱ्या चढायला सुरुवात केली. दर टप्प्याला अक्का बसायच्या, गुडघे चोळायच्या, "आई, आलेच," म्हणून उठायच्या. मध्येच एक डोलीवाला विचारायला आला. अक्कांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की तो रिकाम्या डोलीसकट खाली गेला.

ऊन चढता चढता आम्ही पोचलो. अक्कांनी स्वतःच्या हातांनी देवीची ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ. इतक्या वर्षांचा नवस फिटला. मी रडत होते, सिंधूताई रडत होत्या, पुजाऱ्यांनीही उपरण्यानं डोळे टिपले.

अक्का प्रसाद घेऊन बाहेर आल्या. उंबऱ्याशी उभं राहून त्यांनी खाली जाणाऱ्या पायऱ्यांकडे पाहिलं. एकदा गुडघे चोळले. आम्ही चढायचीच तयारी केली होती.

मग अक्का वळल्या, परत गाभाऱ्यापुढे गेल्या आणि हात जोडून म्हणाल्या,

"आई, मला धड खाली पोचीव. पायी चढून यीन आन् तुजी ओटी भरीन!"