विनूला पसंत न पडलेलं ड्रिल

"भाऊजी, हे गेले..." सुमनवहिनींचा फोन आला तेव्हा खरं सांगायचं तर मी त्यांच्या नवऱ्यावर, विनूवर वैतागलेलोच होतो. आदल्याच दिवशी आम्ही काशीगावातल्या हार्डवेअरच्या दुकानातून तिसऱ्यांदा रिकाम्या हाताने परतलो होतो. स्वारीला ड्रिल मशीन पसंत पडत नव्हतं! काम ते केवढं? पूनम सागर सोसायटीतल्या त्यांच्या घरी, बाथरूमच्या भिंतीला वहिनींसाठी धरायचा दांडा बसवायचा. वहिनींचे गुडघे गेलेले, एकदा पाय घसरलाही होता. "अरे, मिस्त्रीला बोलाव, दहा मिनिटांत लावून जाईल," असं मी किती वेळा म्हटलं. तर म्हणे, "तू गप रे. मला मशीनच घ्यायचंय."

जन्मभर ऑफिसात फायली हलवणारा हा माणूस, घरात साधा खिळा कधी ठोकला नाही. पण ड्रिलचं मनावर घेतलं आणि दुकानदाराचं डोकं खाल्लं. भिंतीवर टकटक करून आला होता. "विटेची आहे. मोठं मशीन कशाला, मला काय कॉलम फोडायचाय?" आणि गंमत म्हणजे प्रत्येक मशीन डाव्या हाताने खांद्यापर्यंत उचलायचा, "जड आहे" म्हणून परत ठेवायचा. चांगला उजव्या हाताने जेवणारा माणूस! मी विचारलं, तर नुसता हसला.

दिवसकार्य झालं आणि बंगळुरूच्या लेकीने आईला सांगून टाकलं, "आता तू एकटी राहायचं नाहीस. बाथरूममध्ये पडलीस तर?" वहिनींना घर सोडायचं नव्हतं. मी म्हटलं, चला, आधी विनूचं ते मशीन घेऊ आणि दांडा लावू.

दुकानदाराने आम्हाला पाहताच एक छोटं मशीन पुढे ठेवलं. "नया आया है, सबसे हलका." वहिनींनी ते उचललं... डाव्या हाताने. मी बघतच राहिलो. इतकी वर्षं त्यांच्या हातचा चहा पितोय, त्या डावखुऱ्या आहेत हे मला कधी दिसलंच नव्हतं! "अंकल अकेले में बोलते थे," दुकानदार म्हणाला, "मेरे बाद एक स्क्रू के लिए भी आंटी को किसी का रास्ता न देखना पड़े." मला तिथेच रडू फुटलं. वहिनी रडल्या नाहीत. त्यांनी मशीन खांद्यापर्यंत उचलून धरलं आणि म्हणाल्या, "यही दे दो."

टाइलवर चिकटपट्टी लावून त्यांनीच भोकं पाडली. मी आपला वायर सांभाळत उभा. पहिलं भोक जरा तिरकं गेलं, तसं म्हणालो तर मला दम मिळाला, "बोलू नका मध्ये!" स्क्रू आवळून त्या दोन्ही हातांनी दांड्याला लोंबकळल्या, तेवढ्यात लेकीचा फोन आला. मी तो त्यांच्या तोंडापाशी धरला.

"आई, कधीचं तिकीट काढू?"

"दिवाळीचं काढ," दांडा न सोडता वहिनी म्हणाल्या, "आणि परतीचंही."