पंचनाम्याआधी धुतलेलं घर

तलाठ्याने आमच्या भिंतीवरून बोट फिरवलं आणि ते माझ्या आईच्या नाकासमोर धरलं.

"स्वच्छ आहे की," तो म्हणाला. "पाणी शिरलं म्हणता, कुठे शिरलं?"

आई हसली. तिला ती शाबासकी वाटली. "आम्ही धुतला ना, सायेब. कालच सारवला."

तलाठ्यामागे उभे असलेले दोघे फिसकन हसले. ते पंच होते. एक त्याचाच कोतवाल आणि दुसरा त्याला घेऊन आलेला रिक्षावाला, मीटर चालू ठेवून आत आलेला. तलाठी खुर्चीत बसला. खुर्ची आम्ही त्याच्यासाठी शेजारून मागून आणली होती. चहा प्याला. फॉर्मवर नुकसानीच्या रकान्यात त्याने एकच शब्द लिहिला. निरंक.

मी नववीत होते. घरात वाचता येणारी मी एकटी. तो शब्द मी वाचला, पण त्याचा अर्थ मला माहीत नव्हता. काहीतरी चांगलंच लिहिलं असेल असं वाटलं. आईने शाई लावून अंगठा दिला. वर, निघताना त्याला सुकटीची पुडी बांधून दिली. तीही त्याने घेतली.

आज हे लिहितानाही अंगाचा तिळपापड होतो. आमचं कौतुक व्हावं म्हणून जे जे आम्ही दाखवलं, ते ते त्याने आमच्याविरुद्ध लिहिलं.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आमचा कोळीवाडा ठाण्याच्या खाडीला लागून. त्या पावसाळ्यात उधाणाची भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले. खाडी पाणी घेईना. गटारं उलटी वाहायला लागली. आमच्या घरात छातीपर्यंत पाणी. एक रात्र आणि एक दिवस आम्ही माळ्यावर बसून काढला, देव मांडीवर घेऊन. तांदूळ फुगले. माझी पुस्तकं गेली. आणि बाबांची होडी दोर तुटून बांधावर आपटली. तळ उभा फाटला. नारळी पौर्णिमा तोंडावर आली होती. त्या दिवशी होडी पाण्यात गेली नाही तर वर्षभर खायचं काय, एवढा एकच प्रश्न आमच्या घरात होता.

पाणी ओसरलं तेव्हा मागे गुडघाभर चिखल होता. मेलेल्या घुशी, कुणाकुणाच्या चपला, कारखान्यांच्या नाल्यातलं काळं तेल. आमच्यात अशा घरात चूल पेटवत नाहीत. आधी घर धुवायचं, सारवायचं, देव पुसायचे. मग चूल. पोटात कावळे ओरडत असले तरी. आम्ही कुरमुऱ्यांवर दोन दिवस काढले आणि घर घासलं. सगळ्या कोळीवाड्याने घासलं. तेवढ्यात निरोप आला की तालुका आपत्तिग्रस्त जाहीर झालाय, सरकारचा माणूस बघायला येणार आहे. मग तर बायकांना चेवच चढला. सरकारचा माणूस म्हणजे पाहुणा. पाहुण्याला घाण घर दाखवायचं? आईने दारात रांगोळी काढली होती. मी स्वतः तिला पांढरा रंग कालवून दिला होता.

होडीचं बाबांनी तलाठ्याला सांगितलं होतं. त्याने फॉर्म उलटसुलट करून पाहिला. घर, पीक, जनावर. "होडीला रकाना नाही," तो म्हणाला. "गाय, म्हैस, शेळी काही असेल तर बोला."

निरंकचा अर्थ मला मराठीच्या बाईंनी सांगितला. निरंक म्हणजे शून्य. काहीही नाही. मी शाळेतून घरापर्यंत रडत आले. बाबांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन तालुक्याच्या कचेरीत गेले.

कचेरीतले अव्वल कारकून नौपाड्यात राहायचे. त्यांची मुलगी माझ्या वर्गात होती. त्यांनी मला ओळखलं. आवाज चढवला नाही, हाकललं नाही, उलट बसायला सांगितलं. मला, बाबांना नाही. बाबा उभेच होते, टोपी हातात घेऊन.

"बाळ," ते म्हणाले, "पंचनामा होईपर्यंत खराट्याला हात लावायचा नसतो. एवढं साधं कळायला नको? आमच्याही तळमजल्यात पाणी आलं. आम्ही चार दिवस मेहुण्यांकडे राहिलो, पण सोफा जागचा हलवला नाही."

त्यांच्या मागे भिंतीवर मदतीची यादी चिकटवलेली होती. मी वाचली. त्यात सोफेवाले होते. अंगणातली कुंडी वाहून गेलेले होते. आमच्या कोळीवाड्यातलं एकही नाव नव्हतं. मी म्हणाले, काका, आम्हाला मेहुण्याकडे जाता येत नाही, मेहुण्याच्या घरातपण पाणी होतं. ते हसले. शेजारच्या टेबलावरचा कुणीतरी बोलला, "यांना पाण्याची कसली आपत्ती? हे तर पाण्यातच असतात. मासे कधी बुडाल्याची तक्रार करतात का?" सगळी खोली हसली. काकासुद्धा. बाबासुद्धा, थोडंसं. साहेब लोक हसले की आपणही हसायचं, ही त्यांची सवय. त्या दिवशी मला त्या सवयीची किळस आली. बाबांची नाही. सवयीची.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी तलाठी आपणहून आला. घाईत होता. केंद्राचं पथक येणार होतं, दिल्लीहून, पाहणीला. त्यांचा अहवाल गेला तरच वरून मदत सुटणार होती. आता त्याला नुकसान हवं होतं. आणि ते कुठेच उरलं नव्हतं, कारण आम्ही सगळ्यांनी ते धुऊन टाकलं होतं.

"उद्या दुपारी गाड्या येतील," तो बाबांना म्हणाला. "तुमचं घर रस्त्याला पहिलं. नुकसान दिसलं पाहिजे. समजलं ना? पाणी आलं होतं ना खरोखर? मग तसं दिसू दे. होडीचंही बघू."

होडीचंही बघू. या दोन शब्दांवर बाबा विकले गेले. मीही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटीला आम्ही खाडीतून पाट्या भरून चिखल आणला. आई दाराबाहेर आमच्याकडे पाठ करून बसली. "मी न्हाय हात लावनार," ती म्हणाली. "पोरी, तुला लावायचा त लाव."

मी लावला. खोटं कशाला सांगू? मुठी भरभरून भिंतीवर मारला. सारवलेल्या जमिनीवर ओतला. आईने ज्या हातांनी ती जमीन गुळगुळीत केली होती, ते हात तिने मांडीखाली दाबून धरले होते. देव तेवढे तिने पदरात घेतले. शेजारच्या घरांनी आमचं बघून तेच केलं. वाड्यात कुणी कुणाच्या तोंडाकडे बघत नव्हतं.

दुपारी गाड्या आल्या. चष्मेवाले दोन साहेब, त्यांच्याभोवती आपले जिल्ह्यातले साहेब, त्यांच्या मागे अव्वल कारकून फाइल घेऊन आणि तलाठी छत्री घेऊन. मोठे साहेब आत आले. रुमाल नाकाला. त्यांनी भिंतीला पेनाचं टोक लावलं. टोक आत रुतलं.

"ये तो ताज़ा कीचड़ है," ते म्हणाले.

पुराला दहा-बारा दिवस झाले होते. चिखल सकाळचा होता. सादळलेल्या हवेत वाळणार कसा? आम्ही मासळी वाळवणारी माणसं. कुठली गोष्ट किती उन्हात किती वाळते हे आमच्याइतकं कुणाला कळतं? पण त्या दिवशी ते कुणालाच आठवलं नाही. लाचारीत अक्कल गहाण पडते ती अशी.

जिल्ह्याचा साहेब तलाठ्याकडे वळला. तलाठ्याने क्षणभरही वेळ घेतला नाही. "ही माणसं लबाड आहेत, साहेब," तो म्हणाला. "मी तर निरंक दिलं होतं. माझा पंचनामा बघा."

आणि अव्वल कारकुनांनी फाइलीतून तो कागद काढून दाखवला. माझ्या आईचा अंगठा त्याच्याखाली.

मोठे साहेब गाडीत जाऊन बसले. जिल्ह्याचा साहेब बाबांना म्हणाला, लिहून दे. नुकसान झालेलं नाही, मदतीच्या लोभाने घर खोटं खराब केलं, माफी असावी. नाही तर शासनाच्या फसवणुकीची केस होईल. बाबांना लिहिता येत नव्हतं. कारकुनांनी पॅड माझ्या हातात दिलं आणि स्वतःचं पेन उघडून दिलं. "लिही बाळ. मी सांगतो तसं. प्रति..."

मी तलाठ्याकडे पाहिलं. तो छत्रीची तार सरळ करत होता.

"लिव्ह गं बाय," बाबा म्हणाले. "साहेब सांगतान तसा लिव्ह." त्यांचे हात जोडलेले होते. साहेबाकडे नाही, माझ्याकडे. माझ्या बापाने माझ्यासमोर हात जोडले होते. ते मी विसरलेले नाही आणि माफही केलेलं नाही. बाबांना नव्हे. ज्यांनी ते जोडायला लावले त्यांना.

मी खाली बसले. त्याच चिखलात. पॅड गुडघ्यावर घेतलं आणि लिहायला लागले. कारकून एकेक वाक्य सांगत होते. मी त्यांचं एकही लिहीत नव्हते. मी लिहिलं की आमच्या घरात छातीपर्यंत पाणी होतं. तांदूळ गेला, कपडे गेले, पुस्तकं गेली. होडी फुटली, तिला फॉर्मात जागा नाही. पाणी गेल्यावर आम्ही घर धुतलं कारण आम्ही ते धुतो. हा चिखल आज सकाळी आम्ही लावला. काल तलाठीसाहेबांनी सांगितलं म्हणून लावला. तारीख. ठिकाण. खाली माझी सही, पूर्ण नावाने.

मग मी उठून तो कागद मोठ्याने वाचला. "होडीला फॉर्मात जागा नाही" इथपर्यंत आले तेव्हा सगळा कोळीवाडा दारात गोळा झाला होता. तलाठ्याचं नाव आलं तेव्हा कारकून म्हणाले, "पुरे!" आणि कागदाला हात घातला. मी सोडला नाही. कागदाचा कोपरा फाटून त्यांच्या हातात गेला.

"पंच पायजेत ना दोन?" आई मागून बोलली. ती पहिल्यांदाच आत आली होती. चिखलात अंगठा बुडवून तिने तो माझ्या सहीखाली उमटवला. घरच्या माणसाला पंच होता येत नाही हे तिला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. शेजारच्या आत्याने आईचं बघून आपला उमटवला. आणखी कुणी पुढे आलं नाही.

जिल्ह्याच्या साहेबाने कागद घेतला नाही. गाड्या गेल्या.

यापुढे काही गोड घडलं असं कुणी समजू नये. केस झाली नाही, कारण तलाठ्याचं नाव निघालं असतं. पण मदतीच्या यादीत आमचा अख्खा कोळीवाडा आला नाही. तुझ्या आगाऊपणामुळे, असं मला तोंडावर सांगण्यात आलं. एक म्हातारी अजूनही सांगते, लग्नात, मयतीत, कुठेही भेटली तरी. नारळी पौर्णिमेला सगळ्यांनी नारळ सोडला. बाबा धक्क्यावर नुसते उभे राहिले. मग ते वागळे इस्टेटमध्ये माल उतरवायला जायला लागले. होडीची फळकुटं चुलीत गेली. बाबा माझ्याशी कित्येक महिने कामापुरतं बोलत. मी बरोबर केलं असं ते मरेपर्यंत म्हणाले नाहीत. मी वाटही पाहिली नाही, असं म्हणणार होते. पाहिली. खूप पाहिली.

पुढे मी शिकले. नव्वदच्या दशकात कल्याणला एका शाळेत शिक्षिका म्हणून लागले आणि डोंबिवलीत राहायला आले. तिथेही खाडी आहे, खाडीकाठच्या चाळी आहेत, दर दोन-तीन वर्षांनी घरात पाणी आहे. तोच फॉर्म आहे. तेच पंच, रिक्षातून उतरलेले. कुणीतरी शहाणा बायकांना सांगत असतोच, मदत हवी तर घाणीत बसून राहा, रडा, साहेबाला दया आली पाहिजे.

मी त्यांना ते सांगत नाही. पाणी ओसरताना मी पोचते, साडी खोचून, वह्या घेऊन. आधी लिहायचं. पाणी कुठपर्यंत होतं, काय गेलं, काय फुटलं, फॉर्मात रकाना असो नसो. चाळीतलेच दोन पंच, एकमेकांच्या घरासाठी. सही, अंगठा, तारीख. एक प्रत आपल्याकडे. मग घर धुवायचं, चूल पेटवायची, मुलांना जेवू घालायचं. माणसासारखं राहायचं. आणि मग सरकारच्या माणसाची वाट बघायची.

तो चिडतो. अशा वह्यांना कायद्यात किंमत नाही म्हणतो. एकदा एकाने माझ्या शाळेत येऊन तक्रार करायची धमकी दिली. मी त्याला म्हणाले, खुशाल या. तुम्ही मदत द्या की देऊ नका, ती तुमच्या हातात आहे. पण आमच्या घरात काय झालं हे तुम्ही ठरवायचं नाही. ते आम्ही लिहिणार. आणि तुम्ही लिहिलेलं वाचल्याशिवाय या चाळीतली एकही बाई अंगठा देणार नाही, मी जिवंत आहे तोवर नाही, आणि त्यानंतर तर नाहीच, कारण आता त्यांना वाचता येतं.