हा नकाशा बघा

कॉलेजात वीसेक वर्षं इतिहास शिकवला की किस्से आपोआप साचतात. आम्हा मित्रांचा अकोल्यात शनिवारचा चहा ठरलेला. कोणीतरी म्हणतंच, "सर, होऊन जाऊ द्या एखादा." मीही सांगतो, हसवतो. पण प्रणालीचे किस्से निघाले की अलीकडे माझंच हसू अर्ध्यावर अडतं.

प्रणाली पातूरची. घरची फुलशेती. जन्मापासून डोळ्यांनी दिसत नाही. बी.ए.ला रोज एसटीनं अकोल्याला यायची. कॉलेजात पाय ठेवणारी घरातली पहिलीच, आणि तिला शिक्षिका व्हायचं होतं.

*

ती आली त्याच वर्षी अमरावतीहून विद्यापीठाचं परिपत्रक आलं : दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी कक्ष उघडा. आम्ही आठवड्यात उघडला. रिकामी खोली दुसऱ्या मजल्यावर होती, म्हणून कक्षही तिथेच! प्रमुख मी. कुबड्या घेऊन येणारा एक विद्यार्थी जिन्याखालूनच विचारायचा, "सर, कक्ष चालू हाय का?" मी वरून "हो" म्हणायचो. दोघांचंही काम तेवढ्यावर संपायचं.

*

प्रणालीसाठी मी माझ्या जुन्या वह्या काढल्या. पानापानाचे फोटो घेऊन पीडीएफ केली, पाठवली. तिचा मोबाईल मजकूर वाचून दाखवतो हे मला ठाऊक होतं. हस्ताक्षराचे फोटो तो वाचत नाही, हे कोणाला ठाऊक?

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "सर, फाईल उघडली, पण मोबाईल काहीच बोलून नाही राहिला."

"नेटवर्क नसेल," मी म्हणालो. महिनाभर मी नेटवर्कलाच दोष देत होतो.

*

वर्गात मी फळ्यावर बाण काढत शिकवतो, जुनी सवय. "हा नकाशा बघा. मराठे इथून निघाले, इथं नदी ओलांडली, अन् इथं पोचले."

पहिल्या बाकावरून प्रणालीनं विचारलं, "इथून म्हणजे कुठून, सर?"

वर्ग हसला. मीही हसलो. ते हसणं मला आजही टोचतं.

*

परीक्षेत नकाशाचा प्रश्न असायचा. त्याऐवजी दुसरा प्रश्न हवा असल्यास दृष्टिहीन विद्यार्थ्यांनी मुदतीत अर्ज करावा, अशी नोटीस आम्ही काढली आणि बोर्डावर काचेआड लावली. मैत्रिणीनं ती वाचून सांगितली तोवर मुदत संपली होती.

प्रणाली ऑफिसात गेली. हेडक्लार्क ढोरे म्हणाले, "पंधरा दिवस लागली होती नोटीस, पोरी. पाह्यली काहून नाही?"

बोलून झाल्यावर ढोरेंनी स्वतःच जीभ चावली. अर्ज मात्र घेतला नाही, नियम म्हणजे नियम. त्यांना काय बोलणार? नोटिशीखाली सही माझी होती.

इतिहासात ती थोड्याच गुणांनी नापास झाली. पुढच्या वर्षी आलीच नाही.

*

या सुट्टीत मी इतिहासाच्या पेपरचा अख्खा अभ्यासक्रम माझ्या आवाजात रेकॉर्ड केला आणि परीक्षेचा फॉर्म घेऊन पातूरला गेलो. फॉर्म भरायचे दोनच दिवस उरले होते. प्रणाली ओसरीवर हार ओवत बसली होती. तिची आई म्हणाली, "तिले इचारा सर, आमी तं सांगून थकलो."

मी फॉर्म तिच्यापुढे ठेवला आणि मोठ्या ऐटीत रेकॉर्डिंग लावलं. थोडा वेळ बरं चाललं. मग माझाच आवाज आला, "आता हा नकाशा बघा. सैन्य इथून निघालं..."

मी घाईघाईनं मोबाईल बंद केला. प्रणालीनं हाराचा दोरा माझ्याकडे सरकवला.

"हा घ्या सर. अन् दाखवा."

मी फरशीवर दोऱ्याची नर्मदा केली. खाली पुण्याच्या जागी झेंडू ठेवला, वर दिल्लीच्या जागी शेवंती. वाटेसाठी आणखी एक दोरा. तिनं बोटं पुण्यापासून हळूहळू वर नेली.

"हे आडवी लागली थे नर्मदा?"

"हो."

ती दिल्लीपर्यंत गेली, परत फिरून पुण्याला आली. मग हात तसाच फरशीवर ठेवून तिनं विचारलं,

"एवढंच होतं काय, सर?"